पाय शाबूत तर धंदा शाबूत
दुकानदार, कारागीर आणि यंत्रमाग कामगार यांच्यासाठी पावलांच्या निगेचा धडा

या पानावर आम्ही सहसा उधारी, हिशेबवह्या, जीएसटी आणि मालाच्या भावातील चढउतार यांविषयी लिहितो. आज ज्या भांडवलाविषयी लिहायचे आहे, त्याची नोंद मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही. ते म्हणजे धंदेवाल्याचे दोन पाय. मंडईतला बागवान असो की मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार, गठ्ठे उचलणारा हमाल असो की कापडाचे तागे उलगडणारा दुकानदार, रोजी चालते ती पायांवर. दुकानाच्या शटरला वेळच्या वेळी तेल घालणारा, वजनकाटा तपासून घेणारा माणूस स्वतःच्या टाचेची महिनोन्महिने विचारपूस करीत नाही, हे आपल्या समाजातले रोजचे चित्र आहे.

पाय दुखणे आपल्याकडे आजारात मोजलेच जात नाही. "उभ्याचा धंदा आहे, दुखणारच" असे म्हणून रात्री तेल चोळायचे आणि सकाळी पुन्हा दुकान उघडायचे. यातली बरीचशी दुखणी खरोखरच साधी असतात व घरच्या घरी आटोक्यात येतात. पण काही अशी असतात की आठवडाभराचा उशीर झाला तर पाऊल गमवावे लागते, आणि पावलाबरोबर धंदाही. साधे कोणते आणि घातक कोणते हे वाचकांना ओळखता यावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रत्येक पावलात २६ हाडे असतात, दोन्हींत मिळून ५२. संपूर्ण शरीरात हाडे २०६. म्हणजे हाडांचा पाव हिस्सा एकट्या पावलांत आहे. ही हाडे मजबूत बंधांनी बांधून पावलाला कमान आलेली असते. चालताना ती किंचित दबते आणि पुन्हा उठते. ट्रकमध्ये जे काम पाटे करतात तेच काम ही कमान करते, हे गॅरेजवाल्या बांधवांना वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट पोटरीची. पोटरीचे स्नायू चालताना आवळतात व सैल होतात आणि त्या दाबाने पायातले रक्त वर ढकलले जाते. एका जागी खिळून उभे राहिले की हा पंप बंद पडतो. म्हणूनच दिवसभर फेरी करणाऱ्यापेक्षा दिवसभर काउंटरमागे उभा राहणारा संध्याकाळी जास्त थकलेला दिसतो. त्याच्या घोट्यांवर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उठलेला असतो.

सकाळचे पहिले पाऊल

फजरला उठून जमिनीवर पहिले पाऊल टेकवताच टाचेखाली खिळा टोचल्यासारखी कळ येते, दहा-वीस पावले चालल्यावर ती कमी होते आणि दुपारनंतर उभे राहून राहून पुन्हा सुरू होते. असे होत असेल तर दुखणे बहुधा टाचेच्या हाडाचे नसून तळव्याच्या पट्ट्याचे असते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो. कमान धरून ठेवणे हे त्याचे काम. सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर बारा-बारा तास उभे राहणे, वाढलेले वजन, झिजलेली पातळ स्लीपर आणि ताठरलेली पोटरी या चार गोष्टींनी तो टाचेपाशी दुखावतो.

मागाच्या कारखान्यात हे दुखणे फार. कामगार दोन रांगांमधल्या अरुंद बोळात सिमेंटवर अनवाणी किंवा रबरी स्लीपर घालून पाळी काढतो. बसायला जागा नसते आणि धागा तुटला की धावावे लागते.

अशा रुग्णाचा एक्स-रे काढला तर टाचेच्या हाडाला छोटासा काटा वाढलेला दिसतो. तो पाहून माणूस घाबरतो, आणि "काटा कापून टाका" असा आग्रह धरणारेही भेटतात. वास्तविक असा काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येक लोकांच्या पायातही असतो. दुखणे पट्ट्याचे आहे, काट्याचे नव्हे. काट्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उपाय फुकटचा आहे, म्हणूनच कदाचित कोणी करीत नाही. अंथरुणातून उठण्यापूर्वी, पाऊल जमिनीला लावण्याच्या आधी, दुखऱ्या पायाची मांडी घालावी, हाताने पाचही बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढावीत आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवावीत. तळव्याचा पट्टा दोरीसारखा ताणलेला दुसऱ्या हाताला जाणवला पाहिजे. असे दहा वेळा. दिवसातून तीनदा करावे आणि त्यातली पहिली खेप अंथरुणातच. दुसरा व्यायाम पोटरीचा: भिंतीवर दोन्ही हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, टाच जमिनीवरून उचलू न देता पुढे झुकावे, अर्धा मिनिट थांबावे, तीन-चार वेळा करावे. दुकानात गिऱ्हाईक नसताना कपाटाला टेकूनही हे होते. संध्याकाळी पाण्याची छोटी बाटली गोठवून तळव्याखाली पाच-दहा मिनिटे फिरवली तर बरे वाटते. (मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी बर्फाच्या वाटेला जाऊ नये.) मऊ व जाड तळाची चप्पल घरातही घालावी. फरशीवर अनवाणी फिरणे बंद करावे.

आठ दिवसांत फरक पडत नाही म्हणून लोक सोडून देतात. हे दुखणे महिन्यांच्या हिशेबाने बरे होते. सहा महिने ते वर्ष लागू शकते, पण बहुतेकांचे शस्त्रक्रियेविना बरे होते. टाचेत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम मिळतो. ते वारंवार घेतले तर मात्र पट्टा फाटण्याचा व टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो.

ओले पाय

खाटीक, मासळीवाले, हॉटेलात भांडी घासणारी मुले, रंगाईच्या कारखान्यातले कामगार यांचे पाय दिवसभर पाण्यात असतात. पावसाळ्यात तर सर्वांचेच. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, सोलते, खाजते, चिरते. यालाच आपण चिखल्या म्हणतो. ही बुरशी आहे. ती ओलाव्यात वाढते व एकाच्या पायावरून दुसऱ्याच्या पायावर जाते. सामायिक चप्पल, सामायिक टॉवेल आणि ओली पायपुसणी हे तिचे मार्ग.

येथे वुजूविषयी बोलणे भाग आहे. दिवसातून पाच वेळा पाय धुण्याची शिस्त ही पावलांसाठी मोठी देणगी आहे. बोटांच्या बेचक्यांतून करंगळी फिरवून खिलाल करण्याची सुन्नत तर जणू याच जागेसाठी आहे. परंतु धुतलेला पाय ओलाच मोज्यात किंवा बुटात घातला तर त्याच धुण्याचा उलटा परिणाम होतो. पाच वेळा ओला होणारा आणि एकदाही न सुकणारा पाय चिखल्यांना आमंत्रण देतो. वुजूनंतर पाय पुसण्यास मनाई नाही. खिशात किंवा गल्ल्याखाली एक छोटा सुती रुमाल केवळ पायांसाठी ठेवावा आणि प्रत्येक बेचके टिपून घ्यावे. मशिदीच्या हौदापाशी ओली चटई दिवसभर पडून राहत असेल तर ती रोज उन्हात टाकण्याची व्यवस्था विश्वस्तांनी करावी.

औषध म्हणून क्लोट्रिमाझोलसारखे साधे बुरशीनाशक मलम पुरते. दिवसातून दोनदा, कोरड्या पायाला. फजर आणि इशानंतर लावले तर ते लगेच धुतले जात नाही. खाज गेली की मलम सोडणे ही सर्वांत मोठी चूक. कातडी स्वच्छ दिसू लागल्यावरही दोन आठवडे लावत राहावे. आणि एक इशारा. मेडिकलच्या काउंटरवर "सर्व त्वचारोगांवर" म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमांत बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइड घातलेले असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, गिऱ्हाईक खूश होते, आणि आतली बुरशी जांघेपर्यंत पसरते. अशा मलमांच्या बेसुमार वापराने गेल्या काही वर्षांत देशभर औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीचे रुग्ण वाढले आहेत, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. मेडिकल चालवणारे आपले बांधवही हे पान वाचतात. त्यांनी आठवावे की गिऱ्हाइकाला दोन दिवसांचा आराम विकणे वेगळे आणि औषध विकणे वेगळे.

मुंबई-ठाण्यातल्या दुकानदारांसाठी पावसाळ्याची आणखी एक गोष्ट. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाला चीर किंवा जखम असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. दुकानात शिरलेले पाणी उपसताना माल वाचवण्याच्या घाईत कोणी पायाकडे पाहत नाही. गमबूट घालावेत, नंतर साबणाने पाय धुवावेत. जखम असून पाण्यात उतरावे लागले असेल तर ताप येण्याची वाट न पाहता लगेच दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळी विचारावी. ती एक ते तीन दिवसांच्या आत घेतली तर उपयोग होतो.

कुरूप, नखे आणि भेगा

याविषयी थोडक्यात. कुरूप म्हणजे सततच्या दाबाने व घासण्याने कातडीने स्वतःच्या बचावासाठी बांधलेली गाठ. ते कितीही खरवडा, चप्पल तीच राहिली तर महिन्याभरात परत येते. आधी दाब काढावा, मग कोमट पाण्यात भिजवून खरखरीत दगडाने हळूहळू घासावे. ब्लेड लावू नये. नखे सरळ आडवी कापावीत, अंगठ्याच्या नखाचे कोपरे खोल गोल कापले की नख मांसात घुसते व पिकते. टाचेच्या भेगांना रात्री इशानंतर पाय पुसून व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळावे आणि सुती मोजे घालून झोपावे. भेगांत मेण किंवा डिंकासारखे पदार्थ ओतून त्या बुजवण्याचे प्रयोग करू नयेत.

नमाजी माणसांच्या डाव्या घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर किंवा पावलाच्या वरच्या अंगावर काळसर, जाड घट्टा दिसतो. कअदामध्ये डावे पाऊल अंथरून बसण्याच्या पद्धतीमुळे वर्षानुवर्षे त्या जागी दाब पडतो. कोकणातले आपले शाफई बांधव शेवटच्या कअदामध्ये वेगळ्या पद्धतीने बसतात, पण घोट्याच्या या बाजूवर भार त्यांच्याही पडतो. हा घट्टा निरुपद्रवी असतो आणि त्यावर उपचाराची गरज नसते. जानमाजखाली थोडे जाड अंथरूण घेतले तर तो वाढत नाही. मात्र मधुमेह्याच्या घट्ट्याला चीर गेली तर ती जखमच समजावी.

बसून काम करणारे

जरीच्या अड्ड्यावर, रत्नांना पैलू पाडण्याच्या कामात किंवा हाताच्या शिलाईत कारागीर तासन्‌तास मांडी घालून अथवा उकिडवा बसतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या अगदी कडेने एक नस खाली उतरते आणि पाऊल वर उचलण्याचा हुकूम तीच पोचवते. ती फार वेळ दाबली गेली तर पायाला मुंग्या येतात. कधी कधी उठल्यावर पाऊल वर उचललेच जात नाही, चालताना ते फरफटते. मुंग्या दोन मिनिटांत गेल्या तर चिंता नको. पाऊल लटके पडलेले तासाभरातही सावरत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मालीश करीत बसू नये. दर अर्ध्या तासाला पाय सरळ करणे, घोटे दहा-वीस वेळा वर-खाली हलवणे, एवढ्याने हे टळते. कामात खंड पडतो अशी तक्रार मालक करतात. अर्ध्या तासातला एक मिनिट गेला तर ठेक्याचे काम बुडत नाही.

मुरगळलेला घोटा

जिना उतरताना, गोदामात गठ्ठा डोक्यावर घेऊन चालताना पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात किंवा फाटतात. आपल्याकडे लगेच हाडवैद्याकडे नेऊन गरम तेलाने रगडून घेण्याची पद्धत आहे. पहिले दोन-तीन दिवस हे अगदी चुकीचे. आत रक्त साकळत असते, रगडण्याने व शेकाने सूज वाढते. त्याऐवजी बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दर दोन-तीन तासांनी लावावा. क्रेप पट्टी बोटांकडून वर गुंडाळत न्यावी, घट्ट नको. पाय उशीवर उंच ठेवावा.

हाड मोडले आहे की नाही, एक्स-रे लागेल की नाही, हे ठरवण्याचे सोपे नियम कॅनडातील ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडले आणि ते आज जगभर वापरले जातात. सामान्य माणसानेही त्यातले सार लक्षात ठेवावे. दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्हीपैकी एखाद्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर बोटाने दाबल्यास तीव्र कळ येत असेल, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेवर, मधोमध असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. यांपैकी काही नसेल तर बहुधा मुरगळच.

दुखणे ओसरल्यावर काम संपत नाही. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, कारण त्याचा तोल बिघडलेला असतो. सकाळी मिसवाक करताना भिंतीजवळ एका पायावर अर्धा-एक मिनिट उभे राहण्याचा सराव दोन महिने ठेवावा.

पायाच्या अंगठ्याच्या सांध्याला एखाद्या रात्री अचानक लाल सूज येऊन चादरीचा स्पर्शही सोसवत नसेल, तर ती मुरगळ नव्हे, युरिक ॲसिडचा गाऊट असण्याचा संभव मोठा. बकरीदच्या आसपास मटण, कलेजी, गुर्दे यांचा मारा झाल्यावर हा हमखास डोके वर काढतो. दवाखान्यात दाखवावे. ऐन झटक्यात रक्तातले युरिक ॲसिड कधी कधी नेहमीइतकेच निघते, तेवढ्यावरून आजार नाही असे समजू नये.

सर्वांत मोठा धोका: न दुखणारा पाय

आतापर्यंत दुखणाऱ्या पायांची गोष्ट झाली. ज्याच्यासाठी हा लेख खरे तर लिहिला तो पाय दुखतच नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींवर आहेत. शंभर प्रौढांमागे अकराहून अधिक. बसून गल्ला सांभाळणारा, वेळीअवेळी जेवणारा, दिवसाला दहा कप गोड चहा पिणारा व्यापारी यात कोठे बसतो ते ज्याचे त्याने पाहावे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात. आधी मुंग्या, रात्री तळव्यांची आग, मग कापसावर चालल्याचा भास आणि शेवटी काहीच नाही. माणसाला वाटते, आग थांबली, बरे झाले. प्रत्यक्षात पहारेकरी मेलेला असतो.

पुढची हकिकत प्रत्येक मोहल्ल्यात एखादी तरी ऐकायला मिळते. भंगारवाल्याच्या चपलेतून खिळा आत येतो, तो दिवसभर त्यावर चालतो, रात्री चप्पल काढताना मोजा रक्ताने माखलेला दिसतो. दुखत नाही म्हणून हळद लावून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गोदामात. पाचव्या दिवशी पाऊल सुजते, दहाव्या दिवशी काळे पडते. मग शहरातले मोठे इस्पितळ, आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. दुकान मुलाच्या हाती, आणि मुलाची शाळा सुटलेली. यातला खिळा टाळता आला नसता असे समजू, पण पुढचे नऊ दिवस टाळता आले असते.

म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने रोज रात्री पाय पाहावेत. वुजू करणाऱ्याच्या हातात प्रत्येक पाऊल दिवसातून पाच वेळा येते, याहून चांगली तपासणी कोणती? पण नळाखाली पाय धरून घाईने पुढे सरकलो तर ती वाया जाते. इशाच्या वुजूला दोन मिनिटे जास्त द्यावीत, उजेडात बेचके, तळवे, टाचा पाहाव्यात, तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरच्या माणसाला दाखवावा. फोड, लाली, चीर, रंगबदल यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर. एखादे पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम व सुजलेले लागत असेल आणि तरीही दुखत नसेल, तर त्यावर भार देणे तत्काळ थांबवावे. आतली हाडे ठिसूळ होऊन मोडत असल्याची ती खूण असू शकते.

चप्पल घालण्यापूर्वी दरवेळी आत हात घालून पाहावे. कुरुपावर औषधी पट्ट्या चिकटवू नयेत, त्यातले आम्ल बधिर कातडी जाळते. थंडीत गिझरचे पाणी पायावर घेण्याआधी कोपराने अजमावावे. उन्हाळ्यात जोहरच्या वेळी मशिदीचे उघडे आवार तव्यासारखे तापते. बधिर पायाला ते कळत नाही आणि तळव्यावर फोड येतात. हजला जाणाऱ्या मधुमेह्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. २०२४ च्या हजमध्ये मक्केत तापमान ५१ अंशांच्या वर गेले होते. एहरामध्ये घोटे उघडे राहतील अशा मऊ चपला चालतात. कोणत्या चालतील हे निघण्यापूर्वी आलिमांना विचारून दोन जोड बरोबर घ्यावेत व काही आठवडे आधीपासून वापरून रुळवावेत. पायाला जखम व पट्टी असताना वुजूचे काय, उभे राहता येत नसेल तर नमाजचे काय, या सवलती शरीयतने दिलेल्या आहेत. मौलाना साहेबांना विचारण्याचा संकोच करून जखम रोज पाच वेळा भिजवणारे लोक असतात, म्हणून हे लिहिले.

वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनच्या तंतूने तळव्याला टोचून ही तपासणी पाच मिनिटांत होते. आणि बिडी-सिगारेट. मधुमेह नसलेल्याच्याही पायाच्या रक्तवाहिन्या ती बंद करते. थोडे चालल्यावर पोटरी भरून येते, थांबले की बरे वाटते, असे होत असेल तर तो थकवा नव्हे, रक्त पोचत नसल्याचे लक्षण आहे.

चप्पल: घेणाऱ्यासाठी आणि विकणाऱ्यासाठी

पादत्राण संध्याकाळी घ्यावे, तेव्हा पाय सुजून पूर्ण मापाचा झालेला असतो. दोन्ही पायांत घालून पाहावे, उभे राहून पाहावे, सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. "वापराने सैल होईल" हे दुकानदाराचे वाक्य ऐकून घट्ट जोड घेऊ नये. उभ्याने काम करणाऱ्याला सपाट पातळ स्लीपर सर्वांत वाईट. चोरीच्या भीतीने मशिदीला जाताना मुद्दाम झिजलेली, तुटकी चप्पल घालण्याची आपली सवय सर्वश्रुत आहे. दिवसातून पाच वेळा जी चप्पल पायात असते तीच सर्वांत रद्दी, हा हिशेब कोणत्या व्यापाऱ्याला पटेल?

बधिर पायांसाठी अंगठेवाली चप्पल नको, ती घासते आणि नकळत निसटते. मागे पट्टा असलेली, आत मऊ व खाली कडक तळ असलेली चप्पल हवी. बाजारात ती एमसीआर चप्पल या नावाने मिळते. या मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा वापर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी केला आणि नंतर तोच मधुमेह्यांच्या उपयोगी आला. चामड्याच्या व चपलांच्या धंद्यातल्या आपल्या कारागिरांनी याकडे लक्ष द्यावे. मधुमेह्यांची संख्या वाढत आहे, मापाने शिवून देणारे थोडे आहेत आणि यंत्राचा माल प्रत्येक पावलाला बसत नाही. एखाद्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून त्यांच्याकडून पावलाचे ठसे व सूचना घेऊन काम सुरू करता येते. अट एकच: आत खिळा वापरायचा नाही, शिलाई व चिकटकाम हवे, आणि आतल्या बाजूला टाक्याची गाठ राहता कामा नये.

मालकांसाठी

केरळात कोझिकोडच्या दुकानांतून काम करणाऱ्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी चळवळ केली आणि २०१८ मध्ये त्या राज्याने दुकान कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायला आसन देणे मालकांवर बंधनकारक केले. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसेच केले. कायदा आपल्या दारी येऊन उभा राहीपर्यंत थांबण्याची गरज नाही. काउंटरमागे एक उंच स्टूल, जमिनीवर जाड रबरी चटई, एक पाय आलटून पालटून टेकवता येईल असा चार-सहा इंच उंचीचा लाकडी ठोकळा, एवढाच खर्च आहे. ठोकळ्यावर एक पाय टेकला की कंबरेचाही ताण उतरतो. खाटकाच्या व मासळीच्या दुकानात कामगाराला गमबूट व दोन जोड मोजे दुकानाने द्यावेत. मागाच्या कारखान्यात रांगेच्या टोकाला एक बाक ठेवायला जागा निघते. आम्ही ती ठेवलेली पाहिली आहे, आणि तेथे माग बंद पडलेले पाहिले नाहीत.

रमजानचे शेवटचे दहा दिवस कापड, चप्पल आणि अत्तराच्या दुकानांत नोकर दुपारपासून सहरीपर्यंत उभा असतो, मध्ये तरावीहच्या वीस रकाती. त्या दिवसांत नोकरांच्या पाळ्या लावाव्यात. प्रत्येकाला दोन तासांमागे दहा मिनिटे पाय उंच करून टेकायला मिळावीत. गोदामात दोन गठ्ठ्यांवर पाय ठेवले तरी काम होते. पोटरीच्या शिरा फुगलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घट्ट लांब मोजे घ्यावेत व ते सकाळी अंथरुणातच चढवावेत. आणि कोणाची एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, गरम लागली, तर त्याला "चांदरातनंतर बघू" असे सांगू नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती छातीत सरकली तर जीव जातो. त्याला त्याच रात्री इस्पितळात पाठवावे, रिक्षाचे भाडे गल्ल्यातून द्यावे.